वृद्धसेवेचे मनुष्यबळ : जपानमधील नागानो प्रांताचा अनुभव

लोकसंख्येचे वयोमान वाढू लागले म्हणजे वृद्धांची शुश्रूषा कोणी करावयाची, हा प्रश्न समाजापुढे उभा राहतो. जपानात तो असामान्य वेगाने उभा राहिला. पासष्ट व त्याहून अधिक वयाच्या लोकांचे प्रमाण तेथे १९७० मध्ये शेकडा ७ होते. ते १९९४ मध्ये शेकडा १४ झाले. हेच स्थित्यंतर घडण्यास फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षे लागली होती. या इतिहासात नागानो या डोंगराळ प्रांताचे स्थान लक्षणीय आहे. कारण प्रश्न राष्ट्रव्यापी होण्यापूर्वीच तेथे त्याच्या उत्तरास प्रारंभ झाला होता.

१९५६ मध्ये नागानो प्रांताने घरोघरी सेविका पाठविण्याची योजना सुरू केली. घरातील कर्ती स्त्री आजारी पडली असता, अथवा वृद्ध माणूस एकटे राहिले असता, ही सेविका स्वयंपाक, धुणे व शुश्रूषा करीत असे. जपानमधील गृहसेवेचा उगम बहुधा याच योजनेत शोधला जातो. योजनेचा हेतू दुहेरी होता. एकीकडे निराधार घरांना साहाय्य मिळावे आणि दुसरीकडे युद्धोत्तर काळात विधवा झालेल्या वा एकट्या पडलेल्या स्त्रियांना उपजीविकेचे साधन मिळावे, अशी ही जोडणी होती. आजवर सुनेने विनावेतन केलेल्या कामास येथे प्रथमच वेतन मिळाले, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु याच जोडणीत पुढील अडचणीचे बीज होते. स्त्रीला हे काम उपजतच येते, असे गृहीत धरले गेल्यामुळे प्रशिक्षणाची निकड कोणास फारशी वाटली नाही. १९६२ मध्ये केंद्र सरकारने गृहसेवेस अनुदान दिले आणि १९६३ च्या वृद्धकल्याण कायद्याने तिला वैधानिक आधार दिला. तरी सेविका नेमताना सत्तर तासांचे शिक्षण देण्याची व्यवस्था १९८२ मध्ये झाली. शुश्रूषासेवकाची राष्ट्रीय पात्रता ठरविणारा कायदा तर १९८७ मध्ये आला. नागानोतील आरंभानंतर तोवर एकतीस वर्षे लोटली होती.

यानंतर पावले झपाट्याने पडली. १९८९ च्या दशवार्षिक योजनेत एक लक्ष गृहसेविकांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. १९९४ मध्ये ते एक लक्ष सत्तर हजारांवर नेण्यात आले. २००० मध्ये शुश्रूषा-विमा लागू झाला व मागणी अधिकच वाढली. मात्र विम्यातून मिळणारा मोबदला सरकार ठरविते आणि या क्षेत्रातील वेतन इतर उद्योगांच्या सरासरीहून कमीच राहिले आहे. शासनाच्या २०२४ मधील अंदाजानुसार २०४० मध्ये सुमारे २७ लक्ष २० हजार शुश्रूषासेवक लागतील. २०२२ मधील संख्येहून हा आकडा सुमारे ५ लक्ष ७० हजारांनी अधिक आहे. तात्पर्य, माणसे आधी आली, शिक्षण मागाहून आले आणि योग्य वेतन अद्याप यावयाचे आहे.

महाराष्ट्रात याच्या उलट क्रमाचे एक उदाहरण आढळते. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने विधवांसह अनेक स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण दिले. तेथेही समाजाने दूर सारलेल्या स्त्रियांनाच उपजीविका मिळाली; परंतु शिक्षण आधी मिळाल्यामुळे त्या कामास व्यवसायाची प्रतिष्ठा आली. हा उपक्रम मुख्यतः रुग्णसेवेसाठी होता, वृद्धांच्या घरगुती शुश्रूषेसाठी नव्हे, हा भेद अर्थात लक्षात ठेवला पाहिजे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील लोक सुमारे एक दशांश होते. शहरांतून वृद्धांच्या उशाशी बसणाऱ्या स्त्रीला आपण 'मावशी' म्हणतो. या संबोधनात आपुलकी आहे, यात शंका नाही. पण नात्याच्या नावाखाली कौशल्य झाकले जाते आणि झाकलेल्या कौशल्याचे मोल होत नाही. नागानोच्या इतिहासातून एवढे तरी स्पष्ट होते की, वृद्धांची संख्या वाढण्याची वाट न पाहता या कामास नाव, शिक्षण व वेतन ही तिन्ही एकाच वेळी दिली पाहिजेत.