उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण औषध जंगलातल्या गावापर्यंत कसं पोचलं ते पाहिलं. आज पुढचा प्रश्न घेऊ. पोचलेलं औषध रोग्याने खरंच घेतलं का, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न एचआयव्हीपेक्षा जुना आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं त्या काळात कुष्ठरोगावर डॅप्सोन नवीन होतं. गोळी स्वस्त, पण वर्षानुवर्षं घ्यायची. रोगी विचारल्यावर 'घेतो' म्हणायचा. पुढे संशोधकांनी लघवीतलं डॅप्सोन तपासायची पद्धत काढली. क्षयरोगातही तेच झालं. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने रोग्यांना घरीच औषध दिलं, मात्र कार्यकर्ते न सांगता घरी जात, लघवीचा नमुना घेत आणि उरलेल्या गोळ्या मोजत. घरचा उपचार सॅनिटोरियमइतकाच गुणकारी ठरला, हे जगाला तिथून कळलं. १९८२ मध्ये कुष्ठरोगासाठी बहुविध औषधोपचाराची शिफारस झाली. त्यात महिन्यातून एक मात्रा आरोग्यसेवकासमोर घ्यायची होती. योगायोग असा की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला.

एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. तोवर ९५ टक्के हा आकडा सगळीकडे रूढ झाला होता. तो आला २००० सालच्या एका अमेरिकी अभ्यासातून. तिथे बाटलीच्या झाकणात यंत्र होतं, झाकण उघडलं की नोंद व्हायची. आपल्याकडे असं झाकण कुठलं? मग उरला रोग्याचा शब्द, आणि डबीतल्या गोळ्या. मद्रासची युक्तीही इथे चालत नाही. पंधरा घरांच्या टोल्यावर सरकारी जीप थांबली की कुणाला काय झालंय हे गावाला न सांगताच कळतं.

आता आपण एक हिशेब करून बघू. रोज दोन गोळ्या, तीस दिवसांच्या साठ. भामरागडकडचा माणूस श्रावणात निघाला आणि पर्लकोटेला पूर आला. केंद्रात पोचला चौतिसाव्या दिवशी, रिकामी डबी घेऊन. घ्यायला हव्या होत्या अडुसष्ट, घेतल्या साठ, म्हणजे अठ्ठ्याऐंशी टक्के. रजिस्टरप्रमाणे हा माणूस अनियमित! खरं तर हाती असलेल्या गोळ्यांत त्याने एकही खाडा केला नव्हता. उलट, निघण्याआधी उरलेल्या गोळ्या मोहाच्या झाडाखाली टाकून येणाऱ्याला शंभर टक्के मिळतात. आम्हाला वाटतं, या पद्धतीचा खरा दोष इथेच आहे. रस्त्याची आणि माणसाची चूक ती एकाच रकान्यात लिहिते.

२०१८ पासून रक्तातल्या विषाणूंची मोजणी, म्हणजे व्हायरल लोड, सर्वांना मोफत झाली. हे माप बरंच प्रामाणिक. गोळ्या टाकून देणारा त्यात लपत नाही. पण विषाणू वाढले ते का, पूर, रोजीसाठीचं स्थलांतर, की सासरी डबी लपवावी लागते म्हणून, हे रक्त सांगत नाही. त्यासाठी समुपदेशकाला बसून विचारावंच लागतं, आणि विचारताना आवाजात फौजदार असून चालत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत एकदम दोन-तीन महिन्यांची औषधं द्यायची मुभा मिळाली. ती दिली करोनासाठी. पण भामरागडचा पावसाळा त्याच्या कितीतरी आधीपासून, दर वर्षी, तेवढंच मागत होता.