मर्फी : एका आडनावाचा शजरा

आमच्या नानांच्या घरी भिंतीतल्या फळीवर एक जुना रेडिओ होता. लाकडी पेटी, पुढे कापडाची जाळी आणि कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत ‘मर्फी’. आम्ही कळते झालो तेव्हा तो कधीचाच मुका झाला होता. पण नानी रोज झाडलोट झाली की तो फडक्याने पुसायच्या. नाना त्याला रेडिओ म्हणत नसत. ‘‘मर्फीवर सिलोन लावलं की सगळा मोहल्ला ओट्यावर यायचा,’’ असे सांगत. त्यामुळे टीव्ही, फ्रीज, तसा मर्फी, हे यंत्राचेच नाव असावे अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. २०१२ साली ‘बर्फी’ हा सिनेमा आला. त्यातल्या मूकबधिर नायकाचे नाव रेडिओवरून मर्फी ठेवलेले असते आणि त्याच्या तोंडून ते ‘बर्फी’ असे निघते. म्हणजे माणसाचे नाव यंत्राला गेले आणि यंत्राचे पुन्हा माणसाला आले!

मर्फी हे आडनाव आहे. आणि ते इंग्रजी नव्हे, आयरिश आहे. १९२९ साली इंग्लंडमध्ये वेल्विन गार्डन सिटी येथे फ्रँक मर्फी या इंजिनिअरने ई. जे. पॉवर या भागीदाराबरोबर ही रेडिओ कंपनी काढली. १९३७ साली फ्रँक मर्फी कंपनीतून बाहेर पडले, नाव मात्र पेटीवर राहिले. पुढे आपल्या ठाण्याच्या कारखान्यात मर्फीचे रेडिओ तयार होऊ लागले आणि गावोगावच्या फळ्यांवर जाऊन बसले. एवढ्या घरांत हे नाव पोहोचले, पण त्याचे घर कोणते हे कोणी विचारले नाही. आम्ही विचारले, ते आमच्या पेशामुळे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दर जूनमध्ये नवी मुले दाखल होतात आणि जनरल रजिस्टरमध्ये त्यांची नावे लिहिण्याचे काम आमच्या वाट्याला येते. नाव आणि आडनाव ही चीज दिसते तेवढी साधी नाही, हे त्या रजिस्टरने शिकवले.

आयरिश भाषेत या आडनावाचे आजचे रूप ‘ओ मुरखू’ असे आहे. त्यामागे ‘मुरखद’ हे जुने पुरुषनाम आहे. ‘मुर’ म्हणजे समुद्र आणि ‘कह’ म्हणजे लढाई. समुद्रावरचा लढवय्या असा त्याचा अर्थ लावतात. यातला ‘ख’ आपल्या मराठी ‘ख’सारखा नाही. तो थेट उर्दूतल्या ‘खे’सारखा, घशातून घासत येणारा, ‘खुदा’ आणि ‘खबर’मधला. आमच्या पहिलीतल्या पोरांना तो शिकवावा लागत नाही; इंग्रज कारकुनाला मात्र तो जमेना. खुद्द इंग्रजीतही हा आवाज एके काळी होता. ‘लाफ’ आणि ‘कफ’ या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये जी आणि एच ही दोन अक्षरे उगाच बसल्यासारखी दिसतात ना, ती त्याच आवाजाची कबर. तिथे ‘खे’ गेला आणि ‘फ’ आला. मुरखूचा मर्फी झाला तोही असाच.

राहिला तो पुढचा ‘ओ’. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि ‘मॅक’ म्हणजे बेटा. अरबी नावांतले ‘इब्न’ आणि कबिल्यांच्या नावांतले ‘बनी’ ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत आयरिश माणसाच्या नावापुढे त्याच्या बापाचे किंवा आजाचे नाव लागे आणि पिढीगणिक ते बदले. त्यानंतर ते एका पूर्वजावर येऊन थांबले आणि वंशपरंपरेने चालू लागले. युरोपात वंशपरंपरेची आडनावे अगदी आधी जिथे रुजली त्यांत आयर्लंडची गणना होते.

आता खरी गंमत. मुरखद हे त्या काळी चांगले चालणारे नाव होते. तेव्हा मुरखद नावाचे पूर्वजही एकाहून अधिक झाले. एक घराणे आग्नेयेला वेक्सफर्ड परगण्यात, बॅलाकीनच्या टापूत. दुसरे दक्षिणेला कॉर्कमध्ये, मस्करी भागात. तिसरे उत्तरेला अल्स्टर प्रांतातल्या टायरोनमध्ये. ते मुळात ‘ओ’ नव्हे तर ‘मॅक’ लावणारे होते आणि पुढे दक्षिण आर्मामध्ये सरकले. या तिघांचे एकमेकांशी काही नाते नाही. यांना एका नावाखाली आणले ते इंग्रजी लिपीतल्या कागदाने. आज वेक्सफर्डचा मर्फी आणि आर्माचा मर्फी न्यूयॉर्कमध्ये भेटले आणि ‘‘अरे, आपण भाऊ’’ म्हणून गळ्यात पडले, तर ती भेट चांगलीच. पण इतिहासाचा तिला आधार नाही.

उलट प्रकारही तिथेच सापडतो. वेक्सफर्डच्याच बाजूला, फर्न्स येथे, लेन्स्टर प्रांताचा राजा दियारमुद मॅक मुरखदा राज्य करीत होता. त्याचा आजा मुरखद. ११६६ साली दियारमुदची गादी गेली, तेव्हा तो समुद्र ओलांडून इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्याकडे मदत मागायला गेला. ११६९ मध्ये नॉर्मन सरदार वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर उतरले. ११७० मध्ये त्यांच्यातल्या ‘स्ट्राँगबो’ला दियारमुदने आपली मुलगी ईफा दिली. ११७१ मध्ये तो मेला. पाहुणे मात्र परत गेले नाहीत. आयर्लंडच्या लोकस्मृतीत हा माणूस घर फोडणारा म्हणूनच राहिला. त्याच्या वंशात मॅकमरो हे आडनाव चालले, एका मुलापासून कॅव्हना झाले, दुसऱ्यापासून किन्सेला झाले. एका बापाची औलाद तीन आडनावांत वाटली गेली आणि तीन वेगळ्या बापांची औलाद मर्फी या एका आडनावात गोळा झाली. आडनाव पाहून खानदान ओळखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे पाटील, देशमुख, इनामदार ही नावे ऐकून माणसाचा धर्म ओळखायला जाणारे दर आठवड्याला फसतात, त्यातलाच हा प्रकार.

नॉर्मनांच्या मागून इंग्रजी राज्य आले आणि त्याने माणसांच्या नावांत हात घातला. १४६५ साली चौथ्या एडवर्डच्या कारकिर्दीत असा कायदा झाला की डब्लिन, मीथ, लाऊथ आणि किल्डेर या परगण्यांत इंग्रजांच्या शेजारी राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी आडनाव घ्यावे. कोणते? गावाचे घ्या, किंवा रंगाचे, जसे गोरा, काळा, तपकिरी, किंवा धंद्याचे-हुद्द्याचे, जसे लोहार, सुतार, स्वयंपाकी. वाचताना आम्हाला हसू आले. गाव, धंदा आणि हुद्दा! कोकणातले आमचे पारकर आणि म्हसकर, घाटावरचे अत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार, आणि घरोघरचे काझी-मुल्ला याच तीन खणांत बसतात. फरक एवढाच की आपल्याकडे ती व्यवहारातून चिकटली. तिथे हुकूम काढावा लागला. हुकूमही फारसा चालला नाही. कॉर्क आणि वेक्सफर्ड तर त्या चार परगण्यांच्या बाहेरच होते, तेव्हा मर्फी आपल्या जागी राहिले.

कायद्याने झाले नाही ते पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत परिस्थितीने झाले. क्रॉमवेलच्या स्वाऱ्यांत जमिनी गेल्या. कॅथलिकांवर निर्बंध आले. कोर्टात, खंडाच्या पावतीवर, पलटणीच्या पटावर नाव इंग्रजीत लिहिले जाऊ लागले आणि त्यात ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळू लागले. कोणी भीतीने गाळले, कोणी सोयीने, आणि पुष्कळांचे दुसऱ्यानेच गाळले. १७९८ च्या उठावात वेक्सफर्डमध्ये बूलावोगचे पाद्री जॉन मर्फी लोकांच्या पुढे उभे राहिले. २१ जूनला व्हिनेगर हिलवर उठाव मोडला आणि थोड्याच दिवसांत टलो येथे त्यांना फाशी दिले. त्याच उठावातले दुसरे पाद्री मायकेल मर्फी आर्क्लोच्या लढाईत पडले. आज आयर्लंडात ज्यांची नावे आदराने घेतात ते हे दोघे. पण तीही इंग्रजांनी घडवलेल्या रूपातच घेतली जातात.

यानंतरचा भाग लिहिताना आम्ही थोडे अडखळतो, कारण त्यात मास्तर आहेत. १८३१ साली सरकारने आयर्लंडात राष्ट्रीय शाळा सुरू केल्या. शिक्षण इंग्रजीतून. पोरांच्या गळ्यात एक लाकडी काठी दोरीने अडकवीत. पोराच्या तोंडून घरची भाषा निघाली की तिच्यावर एक खाच पाडीत आणि संध्याकाळी खाचा मोजून छड्या. हे करणारे मास्तर बहुतेक आयरिशच होते आणि आईबापांचीही पुष्कळ ठिकाणी याला संमती होती. पोराने इंग्रजी शिकावे, नोकरीला लागावे, बोटीत बसावे, एवढीच त्यांची आशा. १८५१ च्या खानेसुमारीत आयरिश बोलणारे चारांत एक एवढेही उरले नव्हते. त्या पोरांची नावे हजेरीपटावर ‘मर्फी’ अशी चढली ती या मास्तरांच्या हातून. त्यांना आम्ही कसायाच्या ओळीत बसवणार नाही. उर्दू शाळेतून मूल काढून इंग्रजी शाळेत घालताना बाप दाखल्यासाठी आमच्यापुढे उभा राहतो, तेव्हा आम्हीही दाखला लिहूनच देतो.

इंग्रजी बोलीत ‘मर्फी’चा आणखी एक अर्थ आहे : बटाटा. गरीब आयरिश माणूस बटाट्यावर जगतो, म्हणून त्याचे सर्वांत चालू आडनाव बटाट्याला देऊन टाकले. थट्टाच ती. १८४५ मध्ये त्या बटाट्यावर रोग पडला आणि १८५२ पर्यंत दुष्काळ चालला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये ८१ लाखांवर असलेली वस्ती १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. (१८४७ मध्ये तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल मजीद यांनी या दुष्काळासाठी १००० पौंड पाठवले होते. धान्याची जहाजे गुपचूप पाठवल्याची जी गोष्ट सांगतात तिला तेवढा पक्का पुरावा नाही. पण पैशाची नोंद आहे.)

आडनाव जगभर पसरले ते मुख्यतः या काळात, पण सुरुवात त्याआधीची. वेक्सफर्ड आणि वॉटरफर्डचे लोक अठराव्या शतकापासून कॉड मासेमारीच्या हंगामाला न्यूफाउंडलंडला जात आणि पुष्कळ जण तिथेच राहत. मर्फी तिथे आजही जागोजाग भेटतात. वेक्सफर्डचेच काही मेंढपाळ एकोणिसाव्या शतकात अर्जेंटिनाला गेले. तिथल्या सान्ता फे प्रांतात मर्फी नावाचे गावच आहे आणि तिथे बोलतात स्पॅनिश. ऑस्ट्रेलियात आधी कैद्यांच्या बोटींतून आयरिश माणसे पोहोचली, मग मोकळी माणसे गेली. व्हिक्टोरियाच्या विधानसभेचे १८५६ मधले पहिले सभापती सर फ्रान्सिस मर्फी हे जन्माने कॉर्कचे. आणि अमेरिका! कॉर्कच्या बंदरातून निघालेल्या बोटींनी एवढे मर्फी नेले की आज तिथे त्यांची संख्या तीन लाखांहून अधिक आहे. एडी मर्फी हा विख्यात नट आफ्रिकी-अमेरिकन आहे. कृष्णवर्णीय कुटुंबांत आयरिश आडनावे कशी आली याचे एकच उत्तर नाही. कुठे ती मालकाची आहेत, कुठे लग्नसंबंधातून आली, कुठे गुलामगिरी संपल्यावर माणसाने स्वतः निवडली. वेक्सफर्डच्या शजऱ्यात ही फांदी कुठे लावणार? उलट बाजूचा प्रवास मात्र एका बाईने केला. लिझमोर गावच्या डर्व्हला मर्फी १९६३ मध्ये सायकलवर निघाल्या आणि तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्लीला पोहोचल्या. २०२२ मध्ये त्या वारल्या.

मायदेशात राहिलेल्यांची मोजणी रॉबर्ट मॅथेसन या नोंदणी अधिकाऱ्याने केली. १८९० सालच्या जन्मनोंदींवरून त्याने अंदाज बांधला : मर्फी सर्वांत पुढे, सुमारे ६२ हजार, दुसरे केली, सुमारे ५६ हजार. आजही आयर्लंडात पहिला नंबर मर्फींचाच आहे. याच मॅथेसनने एक छोटेखानी पुस्तक केले, ते आम्हाला अधिक मोलाचे वाटते. एकच माणूस लग्नाच्या नोंदीत एक आडनाव सांगतो आणि मुलाच्या जन्माला दुसरे. मग नोंद सापडत नाही. म्हणून कारकुनांच्या मदतीसाठी त्याने अशा जोडनावांची यादी छापली. शाळेचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार यांवर एकाच पोराची ‘शेख’, ‘शैख’, ‘शेक’ अशी तीन रूपे घेऊन जे आईबाप आमच्या टेबलापुढे उभे राहतात, त्यांच्यासाठी असे पुस्तक कोणी काढलेले नाही.

१८९३ मध्ये डब्लिनला गेलिक लीग स्थापन झाली आणि डग्लस हाइड यांच्यासारख्यांनी गाळलेले ‘ओ’ आणि ‘मॅक’ परत लावा म्हणून सांगितले. पुष्कळ सलिव्हन पुन्हा ओ’सलिव्हन झाले, कॉनरचे ओ’कॉनर झाले. मर्फी मात्र मर्फीच राहिले. एवढे मोठे आडनाव, पण इंग्रजीत त्याचा ‘ओ’ परतला नाही. वेक्सफर्डच्या एका घराण्याने तेवढे ‘ओ’मॉर्को’ असे जुने रूप उचलले. ज्यांना पूर्वजांचे नाव हवे असते ते आयरिशमध्ये ‘ओ मुरखू’ लिहितात. तिथे आधीच्या ‘ओ’बरोबर ‘खे’सुद्धा परत येतो.

तिथेही एक पेच आहेच. आयरिशमध्ये बाईचे आडनाव वेगळे चालते. बाप ‘ओ मुरखू’, आई ‘उई वुरखू’, लेक ‘नी वुरखू’. ‘उई’ लागले की ती त्या घरची सून, ‘नी’ लागले की लेक. आणि दोन्हीपुढे व्याकरणाच्या नियमाने ‘म’चा ‘व’ होतो. घर एक, आडनाव एक, रूपे तीन, आणि तिन्ही बरोबर. आमच्या ऑनलाइन फॉर्मात वडिलांचे आणि मुलीचे आडनाव अक्षराने अक्षर जुळले नाही तर लाल खूण येते. गेल्या जूनमध्ये अशा सात खुणा आल्या होत्या. त्यांतल्या चार सुटल्या, तिघींचे कागद अजून आमच्या कपाटात आहेत.