भीमायन
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील इंग्रजी चित्रकादंबरी. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली. चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम यांची. संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची. पाणी, निवारा आणि प्रवास असे तिचे तीन मुख्य भाग असून आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आत्मकथन तिचा मुख्य आधार आहे.

‘निवारा’ या भागात १९१७ मधील बडोद्याचा प्रसंग येतो. कोलंबिया विद्यापीठात शिकून संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या आंबेडकरांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत उतरले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांनीही आसरा नाकारला. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले.

पानांवर नेहमीच्या चौकटी नाहीत. डिगणा या पारंपरिक भित्तिनक्षीने प्रसंग विभागले आहेत. मायेच्या बोलांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, विखारी बोलांच्या फुग्यांना विंचवाची नांगी. जातीमुळे उच्चशिक्षित माणूसही कसा बेघर होतो, हे भारतीय चित्रकादंबरीत इतक्या थेटपणे क्वचितच आले आहे.