घुमटाखालचा लंबक

जर्मनीतील म्यून्स्टर शहरी अठराव्या शतकात बांधलेले डॉमिनिकन संघाचे एक चर्च आहे. 2017 साली ते विधिपूर्वक उपासनेच्या वापरातून काढण्यात आले आणि 2018 साली चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांनी तेथे आपली कलाकृती उभारली. सुमारे 29 मीटर लांब तारेला 48 किलो वजनाचा धातूचा गोल टांगलेला असून बाजूंस 6 मीटर उंचीचे करडे आरसे आहेत. गोल संथपणे झुलत राहतो, एवढेच.

लंबक झुलत असता त्याच्याखालची पृथ्वी फिरत असते. म्हणून झोक्याची रेषा हळूहळू सरकलेली दिसते. म्यून्स्टर येथे तिचा फेरा सुमारे 30 तासांत पुरा होतो. ध्रुवावर त्यास 24 तास पुरले असते, विषुववृत्तावर रेषा मुळीच सरकली नसती. आपल्या वसईत कोणी असा लंबक टांगलाच, तर फेऱ्यासाठी त्यास तीन दिवस धीर धरावा लागेल!

मूळ प्रयोग लेआँ फूको यांचा. 1851 साली पॅरिसच्या पाँतेआँमध्ये त्यांनी 67 मीटरच्या तारेला 28 किलोचा गोल टांगून पृथ्वीचे परिवलन लोकांना प्रत्यक्ष दाखविले. ही वास्तूही मूळची चर्चच. राज्यक्रांतीने तिचे राष्ट्रपुरुषांचे स्मारक केले होते. 1851 च्या अखेरीस लुई नेपोलियनने ती पुन्हा ख्रिस्तसभेकडे सोपविली आणि प्रयोग थांबला.

यावरून ख्रिस्तसभेला लंबकाचे वावडे होते असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. गॅलिलिओला 1633 साली दोषी ठरविले गेले, हे आपण विसरू नये. परंतु त्याचा ग्रंथ 1835 सालीच निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून वगळला गेला होता. 1851 मध्येच येशूसंघीय खगोलशास्त्रज्ञ फादर आंजेलो सेक्की यांनी रोममधील संत इग्नाती यांच्या चर्चमध्ये हा प्रयोग करून पाहिला. पाठोपाठ 1852 साली कोलोनच्या कॅथेड्रलमध्येही लंबक झुलला.

आमच्या मते खरा फरक येथेच आहे. रोममध्ये लंबक आला तो मिस्साबली चालू असलेल्या चर्चमध्ये, पाहुणा म्हणून. म्यून्स्टरमध्ये आला तो उपासना संपल्यावर. रिश्टर यांच्या कलाकृतीचा यात दोष नाही. उलट, रिकाम्या वास्तूचे दुकान वा उपाहारगृह होण्यापेक्षा हे पुष्कळच बरे. तिथे माणसे आजही हळू आवाजात बोलत असतील, तर आम्हांस नवल वाटणार नाही. हवेच्या विरोधाने झोका हळूहळू मंदावतो. म्हणून लंबकाच्या खाली विद्युतचुंबक बसविलेला आहे, आणि तो त्यास थोडी थोडी ऊर्जा पुरवीत राहतो.