नाळ, नाभी आणि मातेवरील बोल

मनुष्याच्या देहावर त्याच्या जन्माची म्हणून जी एकच खूण आयुष्यभर राहते, ती त्याची नाभी होय. नऊ महिने ज्या वाटेने गर्भाला पोषण पोचले, ती वाट बंद झाल्यावर मागे उरलेली ही गाठ. आपल्या भाषेनेही तिचा मान राखला आहे. ज्या गावी नाळ पुरली ते गाव आपले, असे आपण म्हणतो. आणि एखाद्याचा आपल्या माणसांशी संबंध सुटला म्हणजे त्याची नाळ तुटली, असेही म्हणतो. परंतु कित्येक हजार बालकांमागे एखादे बालक असे जन्मास येते की, त्याच्या पोटाची पुढची भिंत पुरती मिटलेलीच नसते, आणि जी आतडी आत असावयाची ती बाहेर दिसतात. या व्यंगाचा इतिहास हा एका अर्थी मनुष्याच्या भयाचा व विवेकाचा इतिहास आहे.

हे व्यंग मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात नाळेच्या बुडाशीच एक पातळ, पारदर्शक पिशवी असते, आणि तीत आतडी, कित्येकदा यकृतदेखील, सामावलेले असते. यास ऑम्फॅलोसील म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पिशवीच नसते. नाभीच्या शेजारी, बहुधा उजव्या अंगास, एक छिद्र असते आणि त्यातून आतडी उघडीच बाहेर आलेली असतात. यास गॅस्ट्रोस्कायसिस असे नाव आहे. तान्ह्या मुलाची बेंबी रडताना वर येते आणि घरातील वडीलधाऱ्या बायका तीवर पैसा ठेवून पट्टी बांधतात, तो प्रकार अगदी निराळा. त्यात वर कातडी शाबूत असते, आणि बहुतेक मुलांत ती उणीव चार-पाच वर्षांत, पैशाच्या साहाय्यावाचून, आपोआप भरून येते.

असे उघड्या पोटाचे मूल दृष्टीस पडल्यावर पूर्वीच्या माणसांनी पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? मूल वाचेल कसे, हा नव्हे. दोष कोणाचा, हा. आपल्याकडे उत्तर तयार होते. ग्रहण पाळले नाही, ग्रहणकाळी गर्भिणीने भाजी चिरली, सुई-कात्री हाती धरली, म्हणून मुलाच्या अंगास चीर पडली. हे जमले नाही तर सटवीचा लेख होताच. परंतु ही समजूत केवळ आपल्याच देशाची म्हणून खाली मान घालण्याचे कारण नाही. इ. स. १५५७ मध्ये बाझल येथे लायकोस्थेनीस नामक पंडिताने अपशकुनांचा एक प्रचंड ग्रंथ छापला. त्यात धूमकेतू आणि भूकंप यांच्या पंक्तीस व्यंग असलेली बालके बसविली होती. पुढे १५७३ मध्ये फ्रान्सचा थोर शस्त्रवैद्य आँब्रोआझ पारे याने अशा जन्मांची कारणे सांगितली. त्यांत ईश्वराचा कोप तर होताच. पण मातेच्या मनातील कल्पना आणि गरोदरपणी तिचे चुकीच्या रीतीने बसणे हीही होती. पूर्व असो वा पश्चिम, बोल शेवटी मातेलाच लागत असे.

आपल्या प्राचीन वैद्यांना सर्वच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरलेला बरा. चरकसंहितेत नाळ नाभीपासून आठ अंगुळे अंतरावर कापावी, असे सांगून ती नीट न कापल्यास नाभीस होणाऱ्या विकारांची नावे दिली आहेत. सुश्रुताने वाताने फुगलेल्या, दुखऱ्या नाभीस ‘तुण्डी’ म्हटले असून तीवर तेल, शेक व पोटीस हे उपचार सांगितले आहेत. हे विकार जन्मानंतरचे. उघड्या पोटाचे वर्णन ते नव्हे. तथापि शस्त्राने पोट फाटून आतडे बाहेर आले असता काय करावे, याविषयी सुश्रुताने जे लिहिले आहे ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. आतडे छिन्न झालेले नसेल तर ते आत घालावे. त्यावरील धूळ, गवत व रक्त दुधाने धुवावे. ते सुकले असल्यास दूध व तूप लावून ओलसर करावे. आणि घालणाऱ्याने आपली नखे कापलेली असावीत. आतडे सुकू देऊ नये व मळू देऊ नये, ही दोन सूत्रे आजच्या शस्त्रवैद्यासही मान्य होतील.

या विद्येचा आणि नव्या शिक्षणाचा संगम एका मराठी स्त्रीच्या हातून झाला, आणि त्या घटनेचा संबंध कोल्हापूरशी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने त्यांना आपल्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख नेमले. दुर्दैवाने क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाईंस ते काम पाहता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचा अंत झाला. पुढे शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी कोल्हापुरात स्त्रियांच्या उपचारांचे काम केले, आणि आनंदीबाईंची रिकामी राहिलेली जागा काही अंशी भरून निघाली.

स्त्री-डॉक्टर मिळाली म्हणून उघड्या पोटाचे मूल त्या काळी लगेच वाचू लागले असे नव्हे. पण बाळंतपण अंधाऱ्या खोलीतून इस्पितळात आल्यावाचून असे मूल जाणत्या डोळ्यांस दिसणेच शक्य नव्हते. सुईणीच्या हाती नाळ कापण्याची विद्या होती. या प्रसंगी मात्र तिचा इलाज नव्हता. मूल काही तासांत किंवा काही दिवसांत जाई, आणि मातेच्या माथी ग्रहणाचा ठपका राही.

तो ठपका पुसण्याचे काम गर्भशास्त्राने केले. जर्मनीत योहान मेकेल याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आणि अमेरिकेत फ्रँकलिन मॉल याने १८९८ मध्ये, गर्भाच्या आतड्यांची वाढ बारकाईने अभ्यासिली. तीवरून एक विलक्षण गोष्ट कळून आली. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडी इतक्या वेगाने वाढतात की इवल्याशा पोटात ती मावत नाहीत. म्हणून ती नाळेत उतरतात, आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यात परत आत येतात. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाची आतडी कधी काळी पोटाबाहेर होती! ऑम्फॅलोसीलमध्ये हे परत येणेच घडत नाही. गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये भिंतीचा एक भाग अगदी आरंभीच्या आठवड्यांत दुबळा राहतो. अनेकदा स्त्रीस आपण गरोदर आहोत हे पुरते उमगण्यापूर्वीच मूळ घटना घडून गेलेली असते. तेथे ग्रहणाचा किंवा विळीचा संबंध पोचतो कोठे? गॅस्ट्रोस्कायसिस वीस वर्षांखालील मातांच्या बालकांत अधिक आढळतो, हे खरे. परंतु त्याचा विचार कोवळ्या मुलींचे विवाह उरकणाऱ्यांनी करावयाचा आहे, त्या मुलींनी नव्हे.

दोष कोणाचा हा प्रश्न सुटल्यावर उपाय कोणता हा प्रश्न मोकळा झाला. तो उपाय हाती येण्यास फार काळ लागला. गॅस्ट्रोस्कायसिसचे वर्णन जेम्स कॅल्डर याने १७३३ मध्येच केले होते. पण हे व्यंग शस्त्रक्रियेने मिटविण्यात वॉटकिन्स यास यश आले ते १९४३ मध्ये. मधल्या दोन शतकांत अडचण होती ती छिद्र शिवण्याची नव्हे, जागेची. ज्या पोटात आतडी कधी राहिलीच नाहीत ते पोट लहानच राहिलेले असते. त्यात ती बळेच कोंबली तर छातीखालचा पडदा वर दाबला जातो, श्वास कोंडतो, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा खुंटतो, आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही मूल दगावते. १८९९ मध्ये आल्फेल्ड याने पिशवीस मद्यार्क लावून ती खरपुडीसारखी घट्ट करण्याचा मार्ग सुचविला. १९४८ मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस याने मोठ्या पिशवीवरून केवळ कातडी ओढून शिवली आणि स्नायूंचे काम पुढे ढकलले. १९६७ मध्ये शूस्टर याने कृत्रिम पटलाचे तात्पुरते आच्छादन वापरले. त्यातूनच पुढे रबरासारख्या मऊ पदार्थाची पिशवी आली. ही पिशवी बाळाच्या पोटावर उभी टांगतात, आणि रोज थोडी थोडी आतडी आत उतरवितात. आठवडाभरात पोट आपोआप मोठे होते. मनुष्याच्या घाईने जे साधले नाही ते धीराने साधले.

तरीही मुलाचे पोषण कसे करावयाचे? सुजलेले आतडे कित्येक आठवडे दूध स्वीकारीत नाही. हे कोडे १९६८ च्या सुमारास डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या बालकास शिरेवाटे संपूर्ण अन्न देऊन सोडविले. हा प्रयोग ज्या फिलाडेल्फिया नगरात झाला, त्याच नगरात ८२ वर्षांपूर्वी आनंदीबाई पदवीधर झाल्या होत्या.

आज संपन्न देशांत गॅस्ट्रोस्कायसिसच्या शंभर बालकांपैकी नव्वदांहून अधिक जगतात. दरिद्री देशांत मात्र बहुतेक दगावतात. ऑम्फॅलोसीलचे भवितव्य पिशवीहून अधिक हृदयाच्या व गुणसूत्रांच्या दोषांवर अवलंबून असते, आणि ते दोष त्यात पुष्कळदा आढळतात. म्हणून गरोदरपणाच्या अठराव्या ते विसाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घेणे हे घरातील शहाणपणाचे लक्षण आहे. व्यंग आधी कळले म्हणजे बाळंतपण कोठे करावयाचे हे ठरविता येते.

कोल्हापुरातील ते आल्बर्ट एडवर्ड इस्पितळ आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते, आणि राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यास जोडलेले आहे. परंतु गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या डोंगराळ भागातील बाळाचे दैव शस्त्रवैद्याच्या हाती पोचण्यापूर्वीच्या काही तासांत ठरते. त्या वेळी करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. बाहेर आलेला भाग आत ढकलू नये. तो निर्जंतुक, ओलसर कापडाने व त्यावर स्वच्छ प्लॅस्टिकने झाकावा. बाळास ऊब द्यावी. तोंडाने मध, दूध किंवा घुटी काहीही देऊ नये. आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने ताबडतोब मोठ्या इस्पितळाची वाट धरावी.

आणि आणखी एक गोष्ट, जिला औषधही लागत नाही व खर्चही नाही. त्या खोलीत नुकतीच बाळंत झालेली जी स्त्री भिंतीकडे तोंड करून पडली असेल, तिला कोणीतरी वडीलधाऱ्याने स्पष्ट शब्दांत सांगावे की, तुझ्या हातून काही चुकलेले नाही. चार शतके शोध घेऊन शास्त्राने काढलेला हा निष्कर्ष आहे, आणि तो ऐकण्याचा पहिला हक्क तिचा आहे.