आधीची वर्गणी, नंतरची वर्गणी

परदेशात शिकवायला गेलेल्या एखाद्या शिक्षकाला मोठा अपघात होतो. करार एक-दोन वर्षांचा, शाळा खाजगी, पगार बरा. पण विमा? नसतोच. किंवा असतो, पण बारीक अक्षरातला मजकूर वाचल्यावर कळतं की नेमका आपला अपघात त्यात बसत नाही. हॉस्पिटल रोज बिल वाढवत असतं, आणि घरचे हजारो मैल लांब. मग बरोबरचे शिक्षक, विद्यार्थ्यांचे पालक, जुने वर्गमित्र, गावाकडची मंडळी सगळे मिळून पैसे जमवायला लागतात. कोणी गाण्याचा कार्यक्रम ठेवतं, कोणी घरचे पदार्थ विकतं, कोणी नुसतीच वही घेऊन दारोदार फिरतं.

ही गोष्ट तुम्ही कधी ना कधी ऐकली असेल. देश आणि नावं बदलतात, बाकी सगळं तेच. अशा वेळी लोक खरंच देतात, आणि ते बघून बरंही वाटतं. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. शिकलेल्या, पगारदार, दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या माणसावर ही वेळ मुळात येतेच कशी?

म्हणून या वीकेंडला जरा इतिहासात शिरलो. आणि पहिलीच गोष्ट मजेशीर निघाली. या प्रश्नाचं गणिती उत्तर ज्यांनी सगळ्यात आधी अंमलात आणलं, त्यांच्यात चक्क शिक्षकच होते!

तर चला, १७४४ सालच्या स्कॉटलंडमध्ये. तिथे चर्चचा धर्मगुरू वारला की त्याच्या बायकोची पंचाईत व्हायची. राहतं घर चर्चचं, म्हणजे तेही सोडायचं. पुढचं सगळं लोकांच्या दयेवर. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या एडिंबरातल्या दोन धर्मगुरूंनी ठरवलं की हे बदलायचं. (वेबस्टरसाहेब वाईनचे मोठे शौकीन म्हणून गावभर प्रसिद्ध होते, पण आकडेमोडीला पक्के!) त्यांनी गावोगावच्या चर्चमधून माहिती मागवली. हिशोब निघाला तो असा : कुठल्याही वर्षी साधारण ९३० सभासद हयात असतील, त्यातले सरासरी २७ जण वर्षभरात जातील, आणि त्या २७ पैकी १८ जणांच्या मागे विधवा राहील.

कोण जाईल ते कोणालाच माहीत नाही. पण किती जातील ते बऱ्यापैकी माहीत आहे. सगळी गंमत या एका वाक्यात आहे.

ही आकडेमोड तपासून दिली कोणी, तर कॉलिन मॅक्लॉरीन यांनी. हो, तोच तो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्याच्या सिरीजने आपल्याला रडवलं तो. तेव्हा तो एडिंबरा विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता. सभासदाने वर्षाला साधारण अडीच ते साडेसहा पौंड भरायचे, आणि त्या दराप्रमाणे त्याच्या विधवेला वर्षाला १० ते २५ पौंड मिळायचे. किती भरायचं ते निवडण्याची मुभा होती, पण नव्याने नेमणूक झालेल्याला 'मला नको' म्हणायची सोय नव्हती. आणि १७४४ च्या त्या कायद्याच्या नावातच धर्मगुरूंच्या जोडीला सेंट अँड्र्यूज, ग्लासगो आणि एडिंबरा इथल्या विद्यापीठांत शिकवणाऱ्यांचाही उल्लेख आहे.

१७६५ साली फंडात ५८,३४८ पौंड असतील असा अंदाज त्यांनी वीस वर्षं आधी बांधला होता. प्रत्यक्षात निघाले ५८,३४७. आमच्या प्रोजेक्टचं एस्टिमेट दोन आठवड्यांत कोलमडतं, त्यामुळे हा आकडा वाचून मी अंमळ खजील झालो :)

पण या फंडात एक उणीव होती. तो फक्त मेलेल्या माणसाच्या कुटुंबासाठी होता. जो जिवंत आहे पण कंबरेखाली लुळा झालाय, त्याचं काय?

त्यासाठी शंभरएक वर्षं पुढे, इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमधल्या हार्टलीच्या कोळशाच्या खाणीत जाऊया. तारीख १६ जानेवारी १८६२. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनाची भलीमोठी बिडाची तुळई तुटली आणि तिचा निम्मा तुकडा थेट विहिरीसारख्या उभ्या भुयारात कोसळला. खाणीत जायला-यायला ते एकच भुयार होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. वाट बुजली. आत अडकलेल्यांपर्यंत पोचायला सहा दिवस लागले. २०४ पुरुष आणि पोरं गेली.

सगळा देश हळहळला. राणी व्हिक्टोरिया स्वतः महिन्यापूर्वीच विधवा झाली होती, तिने सहानुभूतीचा निरोप आणि २०० पौंड पाठवले. वर्गणी जमत जमत ८० हजार पौंडांच्या वर गेली. त्याच वर्षी कायदा झाला की प्रत्येक खाणीला बाहेर पडायला निदान दोन वाटा हव्यातच.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण मला महत्त्वाचं वाटलं ते यापुढचं. त्या काळात ब्रिटनच्या कोळसाखाणींत वर्षाला सुमारे हजार माणसं मरत होती. यातली बहुतेक अशी मोठ्या दुर्घटनेत नव्हे, तर एकेकटी, दोघं-दोघं. छताचा दगड पडला, गाडीखाली पाय आला. त्यांच्यासाठी राणीचा निरोप येत नव्हता आणि पेपरात बातमीही येत नव्हती. म्हणजे २०४ जणांबरोबर मेलात तर बायकोला आधार, आणि एकटे मेलात तर मागच्यांनी शेजाऱ्यांपुढे हात पसरायचे. पाय दोन्हीकडे सारखाच मोडतो हो!

खाणकामगारांना हा हिशोब बरोबर कळला. त्याच १८६२ सालात नॉर्थम्बरलंड आणि डरहॅमच्या खाणकामगारांनी स्वतःचा फंड उभा केला. मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी आणि जखमी होऊन कामातून गेलेल्यांसाठी. त्याच्या नावातच 'कायमस्वरूपी' हा शब्द घातला होता. नुकतीच ८० हजारांची वर्गणी बघितलेल्या माणसांनी हे करावं, यातच सगळं आलं. लोकांच्या मनाचा मोठेपणा त्यांनी अनुभवला होता, आणि त्यावर विसंबता येत नाही हेही त्यांना समजलं होतं.

पुढे सरकारं जागी झाली. बिस्मार्कच्या जर्मनीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा आला. ब्रिटनमध्ये १८९७ साली. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला. या सगळ्या कायद्यांमागचा विचार साधारण एकच. कामावर अपघात झाला तर चूक कोणाची हे शोधत बसायचं नाही, तो खर्च धंद्याच्या खर्चातच धरायचा.

फक्त एक गोची झाली. या कायद्यांनी सुरुवातीला धोका शोधला तो जिथे यंत्रं खडखडत होती तिथे. खाणी, गिरण्या, रेल्वे, गोदी. ते बरोबरही होतं. पण खडू-फळ्याच्या नोकरीत कसला आलाय धोका! १७४४ मध्ये पहिल्या रांगेत असलेला शिक्षक इथे रांगेबाहेर राहिला. आपल्याकडे तर शिक्षक हा 'कामगार' आहे का, हाच वाद कोर्टात गेला. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक कामगार ठरत नाही, कारण शिकवणं हे उदात्त कार्य आहे. २००४ साली ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही तेच झालं, तिथे संसदेला २००९ मध्ये दुरुस्ती करावी लागली. हे खटले अपघाताचे नव्हते, मान्य. पण उदात्त म्हटलं की माणूस हिशोबातून कसा सुटतो ते यात दिसतं. गुरुपौर्णिमेला हार घालायला आपण कधी विसरत नाही...

आता यात 'परदेश' मिसळा. १९४० च्या दशकापासून इथिओपियाच्या शाळांत शिकवायला भारतातून, विशेषतः केरळमधून, पुष्कळ शिक्षक गेले. नंतर आखाती देश, मालदीव. आज तर जगभर. कायदा मात्र सहसा सीमेवर थांबतो. हे ओळखूनच १९२५ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार केला की कामावर अपघात झालेल्या परदेशी माणसाला देशी माणसासारखीच भरपाई द्यायची. पण त्यातही एक मेख आहे. जिथे देशी शिक्षकालाच काही मिळत नाही तिथे परदेशी शिक्षकाला 'सारखंच' म्हणजे काय मिळणार?

भारत सरकारने २००३ साली प्रवासी भारतीय विमा योजना आणली. काही ठराविक देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या लोकांना ती सक्तीची केली. २०१७ च्या सुधारणेनंतर अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण, आणि दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये! पण ज्याच्याकडे पदवी आहे त्याला सक्ती नाही. तो शहाणा आहे, स्वतःचं बघेल, असं गृहीत धरलंय. थोडक्यात काय, तर बी.एड. झालेला माणूस पदवीमुळेच जाळीतून निसटतो. हे वाक्य बी.ई. झालेल्यांनीही दोनदा वाचावं.

२००९ पासून भारतीय दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीत सापडलेल्या भारतीयाला तातडीचे उपचार, मायदेशी परत पाठवणं अशी मदत त्यातून करता येते. हा निधी बराचसा जमतो तो दूतावासातल्या कामांवर लावलेल्या छोट्याशा शुल्कातून. म्हणजे तीही आधी काढलेली वर्गणीच. पण हा शेवटचा आधार आहे. वर्ष-वर्ष चालणारे उपचार त्यावर काढता येत नाहीत.

मग उरते ती नंतरची वर्गणी. आता ती ऑनलाइन निघते आणि आकडे डोळ्यांसमोर पळतात, त्यामुळे प्रश्न सुटला असं वाटतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली अमेरिकेतल्या अशा २०० आवाहनांचा अभ्यास केला. नव्वद टक्क्यांहून जास्त आवाहनं ठरवलेल्या रकमेपर्यंत पोचलीच नव्हती, आणि सरासरी जमले होते मागितलेल्याच्या चाळीसेक टक्के. ज्याची गोष्ट नीट सांगता येते, ज्याचा फोटो चांगला आहे, ज्याचे मित्र पैसेवाले आहेत, त्याचं भागतं. हार्टलीनंतर दीडशे वर्षांनी तोच न्याय!

आपल्या ऑफिसांतही पाकीट फिरतं ना, तेव्हा बघा. टीम लीडचं पाकीट जाड होतं. रात्रपाळीच्या सिक्युरिटीवाल्याचं दुसऱ्या मजल्यावरच अडकतं. कोणी दुष्ट नसतं. ओळख नसते, एवढंच.

म्हणून देऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. जरूर द्या, आणि पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा द्या, कारण फिजिओथेरपीची बिलं येईपर्यंत लोक विसरलेले असतात. पण त्याच दिवशी अजून एक काम करा. तुमच्या ओळखीत कोणी बाहेर शिकवायला निघालं असेल, किंवा तुम्ही स्वतः ऑनसाइट जात असाल, तर पॉलिसी उघडून तीन गोष्टी शोधा. कायमचं अपंगत्व आलं तर काय मिळतं? दुचाकीवरचा अपघात वगळलाय का? आणि आडवं, स्ट्रेचरवरून घरी आणायचा खर्च कोण देणार? उत्तरं सापडली नाहीत तर सही करण्याआधी शाळेला किंवा कंपनीला लेखी विचारा. संकोच वाटतो, मला माहितीये. पण आपल्या अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी वही घेऊन फिरणाऱ्या आई-वडिलांना वाटतो, त्यापेक्षा तो नक्कीच कमी असतो.