भोंगा आणि पाढे

नातू रात्र रात्र संगणकासमोर प्रोग्रॅममधल्या चुका शोधत बसतो. परवा त्याला मँचेस्टरच्या भोंग्याची गोष्ट सांगितली.

१९५१ साली मँचेस्टर विद्यापीठात फेरांटी मार्क १ हा संगणक आला. त्याला एक भोंगा होता. एका आज्ञेने त्यातून नुसती 'टक्' निघे. तीच आज्ञा भराभर पुन्हापुन्हा दिली की त्या टकटकीचा सूर होई. ॲलन ट्युरिंगने आपल्या माहितीपुस्तिकेत ही युक्ती लिहून ठेवली होती. हेतू गाण्याबजावण्याचा नव्हता. काम संपलं की एक सूर, चुंबकीय ड्रमवरून माहिती आणताना चूक झाली की वेगळा.

पुढे याच भोंग्यावर ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवलं ते ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी. हे गृहस्थ तेव्हा हॅरोच्या शाळेत मास्तर होते! वाचून माझ्या अंगावर उगाच मूठभर मांस चढलं.

मीसुद्धा फळ्यावर लिहिता लिहिता, वर्गाकडे पाठ करून पाढे ऐकायचो. एकोणतिसाच्या पाढ्यात कुणी घसरला की चाल बिघडे आणि मी मान न वळवता त्याचं नाव घ्यायचो. पण एक मुलगा नुसते ओठ हलवायचा. चाल कधी बिघडलीच नाही. त्याला पाढे येत नाहीत हे मला थेट वार्षिक परीक्षेत कळलं.

भोंग्याचंही तेच. ज्या चुकीला सूर नेमून दिला आहे, तेवढीच तो सांगणार.

नातू म्हणाला, "आजोबा, माझ्याही चुका अशाच गप्प बसतात."

असो. तो मुलगा मात्र अजून आठवतो.